अळीपुरतं पटलं

माझी बायको दहावीला विज्ञानात नापास झाली, तीही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा झाली तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. देवळाली प्रवराला, माहेरच्या शाळेत, तिचे बाकी सगळे विषय सुटले आणि विज्ञान तेवढं राहिलं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी माझं स्थळ आलं. विज्ञान सुटायच्या ऐवजी मी पदरात पडलो. त्यानंतर कुठल्याही अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात ती ‘नववी’ असं लिहीत आली, आणि त्याच घरात मी कॉलेजात मराठी शिकवत सुखाने निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, “मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय.” शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. इतक्या वर्षांनी म्हणजे सगळेच विषय पुन्हा आले. मी विचारलं, “आता कशाला?” ती म्हणाली, “पास व्हायचंय म्हणून.” याहून सरळ कारण मी माझ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकलं नव्हतं.

मार्चच्या परीक्षेत तिने माझी मदत घेतली नाही. मे महिन्यात निकाल मोबाईलवर आला. मराठीत उत्तम, गणितात काठावर, भूगोलात बरे, विज्ञानात नापास. तिने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला आणि गव्हाचा चीक ढवळायला गेली, कारण त्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं की हे प्रकरण आता साधं राहिलेलं नाही. फेरपरीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर होती आणि तिला ती द्यायचीच होती.

“नक्की काय अवघड गेलं?” मी विचारलं.

“अवघड काही नव्हतं. काही प्रश्न सोडून दिले.”

“येत नव्हते?”

“येत होते. पटले नव्हते.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा एक प्रश्न असतो. त्यात जी कारणं तिला मान्य होती ती तिने लिहिली. जी नव्हती तिथे पान कोरं ठेवलं. उत्क्रांतीचा अख्खा प्रश्न तिने कोरा ठेवला होता.

हे मूळ तिच्या वडलांचं. शेताच्या बांधावरून भांडणं झाली की गावात पंचनाम्याला त्यांना बोलावत. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच ते सांगत आणि त्याखालीच सही करत. ‘शेजाऱ्याने बांध कोरला असावा’ असं त्यांच्याकडून कुणी वदवून घेऊ शकलं नाही. माझ्या बायकोच्या मते उत्तरपत्रिकेवर आपला बैठक क्रमांक घालणं म्हणजे सहीच. वरचं सगळं आपल्याला मान्य आहे असा त्याचा अर्थ. “मला ठाऊक नाही ते मी माझ्या नंबराखाली कसं लिहू?” ती म्हणाली.

जिथे पटलं होतं तिथे उलटा घोटाळा झाला होता. माठातलं पाणी थंड का राहतं, या प्रश्नावर तिने दीड पान लिहिलं होतं. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता घेतली जाते, इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे. पुढे स्वतःचं: माठ जुना झाला की त्याची भोकं बुजतात आणि पाणी तितकं गार होत नाही, पावसाळी हवेत नवा माठही निरुपयोगी, माठ खिडकीत ठेवला तर बरं, कपाटाशेजारी ठेवला तर नाही. हे सगळं खरं होतं. त्याला बहुधा दोनच गुण होते आणि तेवढ्यात पुढच्या प्रश्नाची वेळ गेली.

मी शिकवायचं ठरवलं. मला आत्मविश्वास होता, कारण विज्ञानाच्या इतिहासावर मी बरंच वाचलं होतं. शिवाय निवृत्तीच्या आधी आणि नंतरही मला शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ या विषयावर बोलायला बोलावत. शाल, श्रीफळ आणि तो विषय हे एकत्रच मिळे. माझ्या भाषणात ‘का, असं विचारायला शिका’ हे वाक्य हमखास असायचं. विचारत कुणीच नसे, कारण पुढे बक्षीस वितरण असे.

आता पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला बसलं होतं.

“इथं लिहिलंय की सूर्य उगवण्याच्या थोडा आधीच आपल्याला दिसतो,” ती म्हणाली. “हवेत प्रकाश वाकतो म्हणून.”

“बरोबर आहे.”

“म्हणजे मी सकाळी गच्चीवरून बघते तो सूर्य तिथं नसतोच?”

“त्या क्षणी क्षितिजाच्या खाली असतो.”

“आणि हे कुणी, कुठून बघितलं?”

गणित करून काढतात, असं मी म्हणालो. तिने वहीत त्या वाक्यासमोर एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या काही दिवसांत अशी प्रश्नचिन्हं इतकी झाली की वही माझ्याकडे बघते आहे असं वाटायला लागलं. मला हे सगळं माहीत होतं, पण कसं माहीत होतं ते मला सांगता येत नव्हतं. मोठ्या, भल्या लोकांनी लिहून ठेवलं म्हणून. आजवर तेवढं पुरलं होतं.

ऋतूंचा गोंधळ मात्र पुस्तकातून आला नाही. तो आमच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली आला.

नगरला सावेडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उन्हाळ्यात वाळवणाला जागा पुरत नाही. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, शिवाय कुणाची गादी. दरवर्षी भांडणं होत. यंदा चेअरमननी त्यावर तोडगा काढला. चेअरमन म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. अजूनही ते वाक्याची सुरुवात ‘सदर’ने करतात. फेब्रुवारीत त्यांनी गच्चीवर पांढऱ्या ऑइलपेंटने चौकोन आखून घेतले, प्रत्येकात फ्लॅटचा नंबर घातला आणि नारळ फोडून त्यांचं उद्घाटन केलं. भाषणात ते म्हणाले की सदर आखणी सावलीचं निरीक्षण करून पूर्णपणे वैज्ञानिक पद्धतीने केलेली आहे. निरीक्षण खरोखरच केलं होतं. पाण्याच्या उंच टाकीची सावली तेव्हा दिवसभर तिच्या उत्तरेला पडायची. त्यामुळे दक्षिणेचे उन्हाचे चौकोन चेअरमन, सेक्रेटरी आणि त्यांच्या मर्जीतल्यांना मिळाले. उत्तरेचे सावलीतले चौकोन आम्हाला आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाभींना. भाभींच्या यजमानांचं कापडबाजारात दुकान आहे आणि त्यांना मीटिंगांना यायला वेळ नसतो. मी मीटिंगांना जातो, पण त्याचा उपयोग नसतो.

मे महिना आला तशी टाकीची सावली सकाळ-संध्याकाळ दक्षिणेच्या चौकोनांत पडू लागली आणि चेअरमनच्या घरच्या कुरडयांना बुरशी धरायला लागली. आमच्या आणि भाभींच्या चौकोनात मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडक ऊन. भाभींच्या शेवया कडकडीत वाळल्या. तातडीची मीटिंग गच्चीवरच बोलावली गेली.

“सदर टाकी सरकवण्यात आलेली आहे,” चेअरमन म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण ते गंभीर होते. त्यांचा युक्तिवाद असा: चौकोन ऑइलपेंटचे आहेत, ते सरकू शकत नाहीत, सावली मात्र सरकली आहे, तेव्हा टाकीच सरकली असली पाहिजे. मार्चमध्ये प्लंबर येऊन गेला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, हजारो लिटरची टाकी हाय, मी व्हॉल बदलून गेल्तो.” मग टेप आणून टाकीच्या खांबांपासून कठड्यापर्यंत मोजलं. आधीचं माप कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे मोजून काय कळलं हे मला समजलं नाही. चेअरमननी ते माप इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

माझी बायको म्हणाली, “तुम्ही पट्टे फेब्रुवारीत मारलेत ना? तेव्हाचं ऊन वेगळं होतं.”

“वहिनी, ऊन ते ऊन. आणि ऑइलपेंट काय दर महिन्याला मारायचा?”

भाभी माझ्या बायकोच्या कानाशी म्हणाल्या, “जाऊ द्या वहिनी. ते सूर्यालाच नोटीस काढतील आता.”

दुसऱ्या दिवसापासून बायको कोळशाचा तुकडा घेऊन दुपारी गच्चीवर जायला लागली. टाकीच्या सावलीची कड जिथे येईल तिथे ती खूण करायची. मी छत्री धरून उभा राहायचो. ती घड्याळात बारा वाजता जायची, पण सावली सगळ्यात आखूड साडेबाराच्या आसपास व्हायची. याचं कारण तिने विचारलं. आपलं घड्याळ अलाहाबादकडच्या रेषेवर लावलेलं असतं आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे नगरला बारा वाजतात तेव्हा खरे बारा वाजलेलेच नसतात?” मी हो म्हणालो. आयुष्यभर आपण दुसऱ्या गावाच्या दुपारी जेवत आलो, ही गोष्ट तिला सूर्य उगवण्याआधीच दिसतो यापेक्षाही जास्त लागली.

मग एक दुपार अशी आली की टाकीच्या खांबाला सावलीच उरली नाही. माझी सावली माझ्या चपलांखाली होती. बायकोने हातातला कोळसा सरळ उभा धरून बघितला. मी असं होतं म्हणून वाचलं होतं. स्वतः उन्हात उभं राहून बघितलं नव्हतं. दोन-चार दिवसांत दुपारची सावलीही टाकीच्या दुसऱ्या अंगाने, दक्षिणेकडे डोकावायला लागली. आमच्यामागून चेअरमनही टोपी घालून येऊन बघून गेले.

“हे पटलं,” बायको म्हणाली.

मला फार आनंद झाला. मी म्हणालो, “म्हणजे पृथ्वीचा आस कललेला आहे हे पटलं ना?”

“नाही. सूर्य सरकतो हे पटलं.”

“सूर्य सरकत नाही, पृथ्वी...”

“मी सूर्य सरकताना बघितला. पृथ्वी कलताना तुम्ही बघितलीत का?”

त्या संध्याकाळी मी प्रात्यक्षिक केलं. टेबललॅम्प हा सूर्य, आणि विणकामाची सुई खुपसलेली मोसंबी ही पृथ्वी. मोसंबीवर नगरच्या जागी लवंग टोचली. सुई तिरपी धरून मी दिव्याभोवती फिरलो. बायको पलंगावर बसून बघत होती. एक फेरी झाल्यावर ती म्हणाली, “अहो, यात नगरला बाराही महिने उन्हाळाच आहे.”

मी पुन्हा फिरलो. खरंच होतं. मी फिरताना माझ्याबरोबर सुईही फिरत होती आणि तिचं वरचं टोक सतत दिव्याकडेच झुकलेलं राहत होतं. सुईने एकाच दिशेला, समजा कपाटाकडे, बघत राहायचं आणि मी तेवढं फिरायचं, हे मला पुस्तक उघडून कळलं. त्यासाठी हात इतका मुरगळावा लागला की खांदा आखडला. त्याच पानावर असंही लिहिलेलं होतं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते. मी पुस्तक मिटलं. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं मी कुठे वाचलं नव्हतं. पण मनात मी तेच धरून चाललो होतो, वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलतानासुद्धा.

याच सुमाराला भाभी बकरी ईदचा वाटीभर शिरखुर्मा घेऊन वर आल्या आणि टेबलावरची सुई टोचलेली मोसंबी बघून आधी आजारपणाबद्दल विचारू लागल्या. आम्ही खुलासा केला.

“आमच्याकडे तर वेगळंच हो,” त्या म्हणाल्या. “मी नवी नवरी होते तेव्हा रमजान थंडीत यायचा. पहाटे सहरीचं खायला स्वेटर घालून उठायचो. मग सरकत सरकत भर उन्हाळ्यात आला, दिवसभर घशाला कोरड. आता परत थंडीकडे निघालाय. महिना तोच, हवा वेगळी.”

“आमच्यात मध्ये अधिक महिना घालून ओढून धरतात,” बायको म्हणाली. “म्हणून दिवाळी थंडीतच.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे महिन्यांमुळे ऋतू होत नाहीत. ऋतू आधीच असतात, महिने आपण त्यांना बांधतो. काहीजण बांधत नाहीत.”

मी म्हणालो, बरोबर. मग मला आठवलं की आमच्या दिनदर्शिकेवर चैत्र-वैशाखाखाली ‘वसंत ऋतू’ असं छापलेलं असतं आणि त्या वसंतात नगरची माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत. वर्षानुवर्षं मी वर्गात वसंताच्या कविता शिकवल्या, पंख्याखाली. तो वसंत कुठल्या गावाचा, हे मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

उत्क्रांतीचा धडा आम्ही जूनवर ढकलत नेला. शेवटी उघडावाच लागला. तिथे ‘नैसर्गिक निवड’ या दोन शब्दांवर ती अडली ती अडलीच.

“निवडतं कोण?”

“कुणीच नाही.”

“कुणी नाही आणि निवड?”

“तसं म्हणण्याची पद्धत आहे.”

“माझ्या भावाच्या गोठ्यात चांगल्या वळूचं बी आणून गाय भरवतात. तिथं डॉक्टर निवडतो. मला कळतं. इथं कोण आहे?”

मी तऱ्हेतऱ्हेने सांगून बघितलं. प्रत्येक वेळी माझ्याच वाक्यात कुणीतरी कर्ता शिरायचा. ‘निसर्ग ठरवतो’ म्हणालो तर ती म्हणे, निसर्ग म्हणजे देवच की. मग तसं लिहा. ‘प्राणी स्वतःला बदलतात’ म्हणालो तर ती म्हणे, मग मी का नाही गुडघे बदलून घेत? इतकी वर्षं मराठी शिकवून, ज्यात कुणी काही करत नाही पण सगळं घडतं, असं एक सरळ वाक्य मला करता येईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाच शंका यायला लागली की हे मला समजलेलं आहे की नुसतं पाठ आहे.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ देवळाली प्रवराहून आला. त्याचा ऊस आहे आणि कडेच्या पट्ट्यात वांगी. पिशवीभर वांगी त्याने ओट्यावर ओतली आणि आधीच सांगून टाकलं, “ताई, बघून चीर. अळी हाय.”

“फवारत नाहीस का?”

“लई फवारलं. पैल्यांदा हेच औषिद आनलं तवा एका फवारनीत सगळी साफ झाल्ती. आता तिच्यावर वतलं तरी मरत न्हाई. हुशार झालीया अळी. वळखती औषिद.”

मी म्हणालो, “हुशार नाही झाली. सुरुवातीला हजारात एखादी मुळातच न मरणारी असणार. बाकीच्या मेल्या. पिल्लं झाली ती तिचीच. आता सगळी तिच्यावर गेलेली.”

“म्हंजी आमीच पाळली म्हना की तिला,” तो म्हणाला. “दाजी, तुमी शिकलेली मानसं, पन तुमचं ऐकून मानसाचं डोकं अजूनच फिरतं बगा.”

बायकोच्या हातात अर्धं चिरलेलं वांगं होतं आणि त्यात ती अळी वळवळत होती.

“औषध निवडायला गेलंच नव्हतं,” ती म्हणाली. “ते मारायला गेलं होतं.”

“हो.”

“आणि अळीनंही काही केलं नाही. ती आपली होती तशी होती.”

“हो.”

“तरी निवड झाली.”

तिने अळीसकट ती फोड बाजूला टाकली आणि सुरी धुतली. “पटलं,” ती म्हणाली. “अळीपुरतं.”

“आणि माणसाचं?”

“माणसाचं मी बघितलेलं नाही.”

भावाने मला बाजूला घेऊन विचारलं की ताईला खरंच पास व्हायचं आहे का. मी म्हणालो, पास व्हायचं आहे, पण पंचनाम्याच्या अटीवर. तो म्हणाला की मग त्याने आपला गावच्या मारुतीला नारळ बोलून ठेवलेला बरा. भाभींनीही दुआ मागायला सुरुवात केली होती. चेअरमननी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर सदर भगिनींना शुभेच्छा दिल्या आणि त्याखाली गच्चीच्या चौकोनांचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब केल्याचं कळवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला विनवणी केली. म्हणालो, तू उद्या सगळे प्रश्न लिही. तुला पटो न पटो. सगळेच तसं करतात. ती म्हणाली, “सगळे करतात ते मला दिसतंय.” ती हे वाईट मनाने म्हणत नव्हती.

परीक्षा केंद्राबाहेर मी पालकांमध्ये उभा होतो. शेजारच्याने विचारलं, “नातू का हो आजोबा?” मी म्हणालो, “बायको.” तो थोडा लांब जाऊन उभा राहिला.

ती पोरापोरींच्या घोळक्यातून बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“कसा गेला?”

“पेपर सोपा होता असं मुलं म्हणत होती.”

“उत्क्रांती?”

“लिहिली. पहिल्या परिच्छेदात अळी. ती माझी. दुसऱ्यात माणूस. तिथं सुरुवातीलाच लिहिलं, ‘पाठ्यपुस्तकात असे दिले आहे की’. सूर्य आधी दिसतो तिथंही तसंच लिहिलं. जिथं जिथं मी बघितलेलं नाही तिथं तिथं लिहिलं. एकही प्रश्न सोडला नाही.”

मी चालता चालता थांबलो. हे मला सुचायला हवं होतं, कारण आयुष्यभर मी हेच करत आलो होतो. फक्त ‘पुस्तकात असे दिले आहे’ एवढे शब्द गाळून. पण लगेच दुसरी काळजी लागली. तपासणारा काय समजेल? उद्धटपणा समजून गुण कापेल, की कंटाळून न वाचताच देऊन टाकेल? निकालापर्यंत मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिलो. ती मात्र शांतपणे लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती.

ती पास झाली. विज्ञानात काठावर, पण पास. यावेळी तिने मोबाईल उलटा ठेवला नाही. चष्मा लावून निकाल पुन्हा वाचला, मग मला वाचायला लावला, मग भाभींना खाली जाऊन दाखवून आली. दुपारपर्यंत ती नेहमीपेक्षा थोडी मोठ्याने बोलत होती. अर्जावर आता काय लिहायचं, हे तिला विचारावं असं मला वाटलं. पण ती स्वतःशीच ते म्हणून बघत असावी, म्हणून विचारलं नाही.

रविवारी चेअरमननी पार्किंगमध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक. सदर यश हे सोसायटीतल्या शैक्षणिक वातावरणाचं फलित आहे, असं ते म्हणाले. भावाने गावाहून फोन करून सांगितलं की मारुतीपुढे नारळ फोडला, मारुती पावला. भाभी टाळ्या वाजवता वाजवता म्हणाल्या, “मी रोज दुआ केली हो वहिनींसाठी.” माझ्याकडेही दोघा-चौघांनी बघितलं, आणि मी नम्र माणसं करतात तसा चेहरा केला. माझी खात्रीच होती.

घरी आल्यावर शालीची घडी घालताना ती म्हणाली, “सगळ्यांनीच मला पास केलं की हो.”

“म्हणजे काय? तू अभ्यास केलास. आणि मी म्हणणार नाही, पण थोडं शिकवणंही...”

“मार्चात तुम्ही शिकवलं नव्हतं, तेव्हा नापास झाले. आता शिकवलंत, पास झाले. म्हणून तुमच्यामुळे?”

“तसं नाही म्हणत मी.”

“पण मार्चात भाभींनी दुआही केली नव्हती. भावाने नारळही बोलला नव्हता. आणि पेपर सोपा होता असं मुलं म्हणत होती. आणि मी कोरं काही ठेवलं नाही. पाच गोष्टी एकदम बदलल्या. यातली कुठली लागू पडली, ते कसं कळणार?”

मी म्हणालो की पास झाली आहेस, आता ते कळून काय करायचं?

“मी पास झाले हे कळलंय. का झाले हे नाही कळलं,” ती म्हणाली. “शास्त्रीय कारण लिहा म्हटलं तर मला ते कोरंच ठेवावं लागेल.” तिने शाल कपाटात ठेवली. “पास झालेल्या माणसाला परत बसता येतं का हो? यावेळी सगळं तसंच ठेवायचं. दुआ, नारळ, सगळं. फक्त तुम्ही शिकवायचं नाही.”

ती चेष्टा करत होती की काय, हे मला तिच्या आवाजावरून ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. बोर्डाचा नियम काय आहे तो मी विचारायला गेलेलो नाही. बसता येतं असं निघालं तर ती बसेल. आणि माझ्याशिवाय पास झाली, तर शास्त्रीय कारण मी नव्हतो, एवढं तरी आम्हा दोघांनाही कळेल.